विमान उतरलं नाही म्हणून पायलटला शिव्या देण्याआधी करीपूर आठवा

सांब्रा_वेशीवर (धागाकर्ता)

जुलै आला की बेळगावच्या सगळ्या ग्रुपवर एकाच तऱ्हेची तक्रार फिरायला लागते. मुंबईचं नाहीतर हैदराबादचं विमान सांब्र्याच्या आपल्या विमानतळावर आलं, ढगात घिरट्या घातल्या आणि हुबळीला नाहीतर गोव्याला निघून गेलं. मग लोक खवळतात. "एवढा काय पाऊस होता?", "आधीचं उतरलं, मग ह्याला काय धाड भरली?", "पायलट नवीन असणार." यंदा एकानं तर पायलटची लेखी तक्रार कुठं करायची ते विचारलं आणि त्याखाली पत्ते द्यायला लोक पुढं आले. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हा धागा काढतोय.

७ ऑगस्ट २०२०. कोविडचे दिवस. दुबईत अडकलेल्या लोकांना घेऊन वंदे भारत मोहिमेतलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ केरळात कोळिकोडला म्हणजे करीपूरला येत होतं. फ्लाइट १३४४. आत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी. करीपूरची धावपट्टी डोंगराचा माथा सपाट करून केलेली, दोन्ही टोकांना दरी. बाहेर मुसळधार पाऊस आणि अंधार पडलेला.

पहिल्यांदा विमान २८ नंबरच्या धावपट्टीवर आलं. म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून, वाऱ्याच्या सामोरं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालला आणि बंद पडला. धावपट्टी दिसेना, तेव्हा त्यांनी विमान वर घेतलं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणं झालं होतं.

त्यानंतर काय झालं ते नीट वाचा. दरम्यान तिथून निघणाऱ्या दुसऱ्या एका विमानाच्या सोयीनं वापरातली धावपट्टी बदलून १० नंबर झाली होती. पट्टी तीच, फक्त उलटी दिशा. ह्या दिशेनं उतरायचं तर वारा पाठीमागून येतो. टॉवरनं विचारलं आणि कॅप्टननी १० नंबर घेतली. ओली धावपट्टी, पाठीवर वारा, वायपर धड चालत नाही. उतरताना विमान खाली येण्याचा वेग वाढला, को-पायलटनं तसं सांगितलंही. चाकं टेकली ती धावपट्टीच्या सुरुवातीपासून ४४३८ फुटांवर. एकूण पट्टी ८८५८ फूट. निम्मी पट्टी हवेतच संपली होती. टेकताना जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटर, पाठीमागचा वारा १४ नॉट. को-पायलटनं "गो अराउंड" म्हटलं, म्हणजे परत वर घ्या. घेतलं नाही. विमान पट्टीचं टोक आणि पुढची मोकळी जागा पार करून ११० फूट खाली कोसळलं आणि तीन तुकडे झाले. २१ माणसं गेली, त्यात दोघेही पायलट.

विमान अपघात तपास संस्थेचा अहवाल २०२१ च्या सप्टेंबरात आला. मुख्य कारण त्यात स्पष्ट लिहिलंय: विमान स्थिर नसताना उतरणं चालू ठेवलं, टेकायच्या ठरलेल्या पट्ट्याच्या पुढं जाऊन टेकवलं, को-पायलटनं सांगूनही वर घेतलं नाही आणि को-पायलटनंही स्वतः ताबा घेऊन ते केलं नाही. पावसाला तिथं मुख्य कारण म्हटलेलं नाही. त्या पावसातही वाट होती. कोइंबतूरला जाऊन उतरण्याइतकं इंधन टाकीत होतं.

जे पायलट सांब्र्यावरून वळून हुबळीला जातात, ते करीपूरला जे व्हायला हवं होतं तेच करतात. त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहू नका, एवढंच सांगायचंय.

---

चन्नम्मा_सर्कल

अगदी बरोबर. पण माझा भाचा मागच्या पावसाळ्यात असाच हुबळीला उतरला. रात्री साडेदहाला. तिथून बेळगावला यायला गाडी कोण देणार, सामान कुठं, काही पत्ता नाही. लोक पायलटवर चिडत नाहीत हो, त्या हालांवर चिडतात. समोर पायलटच असतो म्हणून त्याचं नाव निघतं.

---

उद्यमबाग_फौंड्री

१४ नॉट ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून थोडं गणित मांडतो. पायलट विमान उडवतो ते हवेच्या हिशेबानं, पण ब्रेक लागतो जमिनीच्या हिशेबानं. करीपूरला जमिनीवरचा वेग १६५ नॉट आणि पाठीवर १४, म्हणजे हवेतला वेग झाला १५१. तेच विमान त्याच वाऱ्यात उलट्या दिशेनं आलं असतं तर टेकताना जमिनीवर १३७ नॉट असतं. १६५ आणि १३७ मध्ये फरक दिसतो वीस टक्के. पण थांबवायची असते ती ऊर्जा आणि ती वेगाच्या वर्गावर जाते. वर्ग करून बघा, ४५ टक्के जास्त भरते. नुसती दिशा बदलली म्हणून ब्रेकवर दीडपटीच्या जवळपास भार.

आणि पुढं पट्टी किती उरली? ४४२० फूट, म्हणजे साधारण १३५० मीटर. वेग ताशी ३०५ किलोमीटर. एवढ्या अंतरात थांबायचं तर टेकल्या क्षणापासून दर सेकंदाला ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षा जास्त वेग उतरायला हवा, तोही शेवटपर्यंत न चुकता. पंखांवरच्या झडपा उघडून वजन चाकांवर यायला, ब्रेकनं पकड घ्यायला पहिले दोन-तीन सेकंद जातात. त्या तीन सेकंदांत अडीचशे मीटर मागं पडतात.

धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल तर आणखी एक भानगड. एका ठरावीक वेगाच्या वर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही पकड मिळत नाही. त्याचा ठोकताळा असा: टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून ९ नं गुणायचं. ७३७ च्या टायरात साधारण २०० पीएसआय धरा, उत्तर येतं १२७ नॉट. त्याच्या खाली येईपर्यंत पायलटला भरवसा ठेवायचा तो झडपांवर आणि इंजिनाच्या उलट्या रेट्यावर.

---

निपाणीकर_पाटील

सगळं पायलटवर ढकलून सरकार मोकळं झालं, दुसरं काय. डोंगर कापून धावपट्टी केली कुणी? आपल्याच राज्यात मंगळूरला २०१० साली १५८ माणसं गेली, तीही अशाच डोंगरमाथ्यावरच्या पट्टीवर. दहा वर्षांनी परत तेच. आणि करीपूरचे कॅप्टन दीपक साठे म्हणजे हवाई दलात विंग कमांडर राहिलेला माणूस, आपला मराठी माणूस. ते आज बोलायला नाहीत म्हणून त्यांच्या नावावर सगळं टाकायचं हे मला पटत नाही.

---

सांब्रा_वेशीवर (धागाकर्ता)

पाटील साहेब, साठेंबद्दल मलाही आदरच आहे आणि अहवालानंही सगळं त्यांच्यावर टाकलेलं नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींना त्यानं हातभार लावणारं कारण म्हटलंय. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कोळिकोडच्या तळावर तेव्हा २६ को-पायलट नेमलेले होते आणि कॅप्टन फक्त एक. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघणारं विमानही साठेंनाच न्यायचं होतं. आता विचार करा. रात्री कोइंबतूरला गेले असते तर सकाळच्या विमानाला कॅप्टन कोण? हे ओझं कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसानं स्वतः तयार केलेलं नव्हतं. ऑफिसात बसून ड्यूटीचा तक्ता बनवणाऱ्यांनी ते त्याच्या खांद्यावर ठेवलं.

म्हणूनच म्हणतो, प्रवाशांनी त्यात आपली भर घालू नये.

डोंगरमाथ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण निम्मंच. तशा पट्टीवर चुकीला माफी नसते, हे खरं. चूक मात्र पट्टी करत नाही. मंगळूरला २२ मे २०१० ला सकाळी पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, लांबवरचं दिसत होतं. तरी विमान ८०३३ फुटांच्या पट्टीवर ५२०० फुटांच्या आसपास टेकलं. वाचले फक्त ८.

---

एटीएस_निवृत्त

मी सांब्र्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये बरीच वर्षं मुलं शिकवली. पायलट नव्हतो, तांत्रिक शाखेत होतो, पण अपघाताचे अहवाल वाचून दाखवणं हा आमच्या शिकवण्याचा भाग होता. मंगळूरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो.

त्या विमानाचा कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपला होता, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून कळलं. उठून लगेच उतरायच्या तयारीला लागला. विमान फार उंचावर राहिलं होतं. ते खाली आणायला त्यानं घाई केली. शेजारी बसलेल्या को-पायलटनं तीन वेळा गो अराउंड म्हटलं. तीन वेळा. आणि दहा वर्षांनी करीपूरला पुन्हा को-पायलटच म्हणाला. एकीकडं स्वच्छ हवा, एकीकडं मुसळधार पाऊस. दोन्हीकडं शेजारच्या खुर्चीत बसलेल्याला कळलं होतं आणि दोन्हीकडं विमान खालीच गेलं.

तेव्हा हवामान बाजूला ठेवा आणि ह्या दोन खुर्च्यांमधलं अंतर बघा. आपल्याकडं मोठ्यांसमोर बोलायचं कसं हे लहानपणापासून शिकवतात. घरात आजोबा, शाळेत मास्तर, नोकरीत साहेब. धाकट्यानं सांगायचं, पण आवाज चढवायचा नाही. एकदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, मग आपण गप्प. कॉकपिटमध्ये हे जिवावर बेततं. तिथं नियम असा की धाकट्यानं गो अराउंड म्हटलं की थोरल्यानं विचारत बसायचं नाही, आधी वर घ्यायचं. वाद जमिनीवर आल्यावर. आणि थोरल्यानं नाही घेतलं तर धाकट्यानं हात पुढं करून कंट्रोल ताब्यात घ्यायचा. कागदावर हे सोपं आहे. शेजारी हवाई दलातला नावाजलेला, वयानं वीस-पंचवीस वर्षांनी मोठा माणूस असेल आणि हातात पाच-सहा सेकंद असतील, तेव्हा तो हात उचलायला फार सराव लागतो. सिम्युलेटरमध्ये नुसतं इंजिन बंद पडायचा सराव देऊन भागत नाही. साहेब चुकतोय आणि तू त्याला अडवतोयस, ह्याचाही सराव द्यायला लागतो.

माझ्याकडं येणारी पोरं अठरा-एकोणीसची असायची. हँगरमध्ये उस्तादाचा हात चुकीच्या बोल्टकडं गेला तर त्यांच्यातला एखादाच तोंड उघडायचा. मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचो. पुढच्या आठवड्यात बोलणारे वाढलेले असायचे.

---

शहापूर_विणकर_गल्ली

काका, 'स्थिर नसताना' म्हणजे नेमकं काय ते सांगा की. पेपरात नुसतं अस्थिर अस्थिर म्हणतात.

---

एटीएस_निवृत्त

सांगतो. ढगातून येताना जमिनीपासून हजार फुटांवर पोचेपर्यंत विमान पूर्ण तयार हवं. चाकं बाहेर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) ठरल्याएवढे, वेग ठरलेल्या आकड्याच्या आसपास, खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण हजार फुटांच्या आत, नाक धावपट्टीच्या रेषेत, इंजिन योग्य रेट्यावर. ह्यातली एक जरी गोष्ट नसेल तरी उतरायचं नाही, वर जायचं. खाली आल्यावर सुधारून घेऊ, हा विचारच करायचा नाही.

आता वाईट बातमी. जगभरच्या नोंदी सांगतात की अशा अस्थिर अवस्थेत आलेल्या शंभर विमानांपैकी तीन-चारच वर जातात. बाकीचे उतरतात आणि बहुतेक वेळा निभावून जातं. निभावतं म्हणून पुढच्या वेळी हात आणखी सैल होतो. जे तीन-चार वर जातात, त्यांच्याबद्दलच आपल्या गावात तक्रारअर्ज निघतात.

---

मुतगा_शेतकरी

आमचं शेत विमानतळाच्या जवळच. आषाढात भाताची लावणी चालू असती, ढग एवढं खाली येतंय की बांधावरचं बाभळीचं झाड दिसत नाही. वर विमानाचा आवाज येतोय, पण दिसत काय नाही. आवाज जवळ येतोय, एकदम इंजिन जोरात ओरडतंय आणि लांब जातंय. आम्ही चिखलात उभं राहून म्हणतोय, गेलं परत. आमच्या बायका हात जोडत्यात. आत बसलेली माणसं शिव्या घालत असतील हे आज कळलं.

---

खानापूर_मीनाक्षी

माझे दीर शारजाला आहेत, म्हणून करीपूरची बातमी आली त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. ते त्या विमानात नव्हते, पण त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या विमानासाठी त्यांचं नाव लागलेलं होतं.

मला वेगळी गोष्ट लिहायची आहे. त्या रात्री सगळ्यात आधी पोचले ते आसपासच्या वस्तीतले लोक. करीपूर, कोंडोट्टी भागातले. कोविडमुळं तिथं निर्बंध होते, कुणाला हात लावायची भीती होती. तरी पावसात तुटलेल्या विमानातून त्यांनी माणसं काढली, लहान मुलं उचलली, मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात नेली. रक्त द्यायला रात्री रांगा लागल्या. नंतर त्यातल्या कित्येकांना विलगीकरणात राहावं लागलं. इंधन सांडलेलं होतं, पण आग लागली नाही, म्हणून एवढे जीव वाचले. १९० मधले १६९ वाचले हा आकडा बातम्यांत फार मागं पडला.

आपल्याकडं तसं काही झालं तर सांब्रा, मुतगा, बाळेकुंद्रीच्या लोकांना काय करायचं ते कुणी सांगितलंय का? इंजिनाच्या जवळ जायचं नाही, बिडी पेटवायची नाही, मणक्याला मार लागलेल्या माणसाला कसं उचलायचं. ग्रामपंचायतीत एक दिवस शिकवलं तरी पुष्कळ.

---

हुबळी_वारीवाला

वळवून हुबळीला पाठवतात म्हणजे हुबळी एकदम सुरक्षित असं समजू नका. ८ मार्च २०१५ ला बंगळूरहून आलेलं स्पाइसजेटचं क्यू-४०० विमान पावसात हुबळीच्या धावपट्टीवरून बाजूला गेलं आणि डाव्या बाजूचं चाक मोडून पडलं. सगळे सुखरूप बाहेर आले. तपासात आलं की टेकल्यावर पायलटना बाहेरचं नीट दिसेनासं झालं आणि वायपर वापरलेच नव्हते. करीपूरला वायपर बिघडलेला, हुबळीला वायपर असून चालू केला नाही. काचेवरची वीतभर रबराची पट्टी, तिच्यावर किती अवलंबून असतं बघा.

---

टिळकवाडी_अभियंता

सांब्र्याचं पण थोडं बोला. धावपट्टी १९४२ सालची, ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेली. वाढवून आता २३०० मीटर झालीय. करीपूरची २७०० होती. आपल्याकडं दोन्ही टोकांना दरी नाही ही मोठी जमेची बाजू. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सांब्रा समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर उंचावर आहे. उंचावर हवा विरळ. काट्यावर वेग तोच दिसत असला तरी प्रत्यक्षात विमान पावणेचार टक्के जास्त वेगानं टेकतं. उद्यमबागवाल्यांच्या वर्गाच्या हिशेबानं साडेसात टक्के जास्त ऊर्जा. त्यात पाऊस, त्यात पाठीमागून जरासा वारा. "मुंबईला पावसात उतरतात, मग इथं का नाही" असं विचारणाऱ्यांनी मुंबईची लांब पट्टी आणि आपली पट्टी शेजारी शेजारी ठेवून बघावी. आणि मुंबईला तरी कुठं सगळं नीट होतं? १ जुलै २०१९ च्या रात्री स्पाइसजेटचं ७३७ पावसात मुख्य पट्टीच्या पुढं जाऊन चिखलात रुतलं. विमानं काही दिवस दुसऱ्या पट्टीवरून चालवली.

"आधीचं विमान उतरलं" ह्याला तर काही अर्थच नाही. घाटाकडून येणारा ढग पाच मिनिटांत पट्टीवर बसतो आणि पाच मिनिटांत उठतो. शिवाय लहान एटीआर आणि मोठं एअरबस ह्यांचा वेग वेगळा, थांबायला लागणारं अंतर वेगळं, पायलटला मिळालेली मुभाही वेगळी.

---

निपाणीकर_पाटील

अभियंता साहेब आणि एटीएस काका, तुमचं वाचलं. पटलं. पण पट्टीचा मुद्दा मी सोडणार नाही. माणूस चुकणार हे धरूनच धावपट्टी बांधायला हवी ना? पट्टीच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचा थर घालतात, विमान त्यात गेलं की चाकं रुततात आणि ते थांबतं. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी केलंय आणि विमानं वाचलीत. जिथं पुढं दरी आहे तिथं खर्चाची सबब कशाला?

---

सांब्रा_वेशीवर (धागाकर्ता)

ह्यावर पूर्ण सहमत. पायलटनं वर जावं आणि नाहीच गेला तरी विमान थांबावं, दोन्ही हवं.

चन्नम्मा सर्कल ह्यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं त्याकडं परत येतो, कारण आपल्या हातात असलेली गोष्ट तीच आहे. उतरायचं का वळायचं हे पायलटनं ठरवताना त्याच्या मनात फक्त ढग, वारा आणि इंधन असावं. रात्री हुबळीत दीडशे माणसं रस्त्यावर येतील, त्यात म्हातारी माणसं असतील, हा विचार त्याला पडू नये. तसा तो पडू द्यायचा नसेल तर वळवलेल्या विमानाच्या प्रवाशांना तिथून बेळगावला आणायची सोय आधीच ठरलेली हवी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हुबळीहून बस, गोव्याहून चोर्ला घाटाची वाट बंद असेल तर दुसरी वाट, सामान कुठल्या ट्रकनं, सूचना कोण देणार आणि मराठी, कन्नड दोन्हीत देणार का.

विमानतळ सल्लागार समितीला देण्यासाठी मी पत्राचा मसुदा केलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये. मीनाक्षीताईंचा मुद्दा, म्हणजे आसपासच्या गावांना मदतीचं प्रशिक्षण, त्यात दुसरा घातलाय. पाटील साहेबांचा पट्टीच्या टोकाचा तिसरा. ज्यांचं विमान वळवलं गेलं होतं त्यांनी तारीख, कुठं उतरवलं आणि घरी किती वाजता पोचलात एवढं खाली लिहा. पायलटचं नाव लिहू नका.

---

चन्नम्मा_सर्कल

भाच्याला विचारून तारीख टाकतो. तो पहाटे पावणेतीनला घरी आला होता, हे मला पक्कं आठवतंय, कारण दार मीच उघडलं.

---

मुतगा_शेतकरी

गावातलं प्रशिक्षण पक्कं करा. तरुण मंडळाची चाळीस पोरं मी गोळा करतो. लावणी संपल्यावरची तारीख धरा.